अकरा कोलंब्यांची वेबसाइट

वेणूमावशी वेबसाइटचा वेग कोलंब्यांत मोजते. मोबाइलवर आपल्या सुक्या मच्छीच्या दुकानाचं पान उघडायला लावायचं, मोबाइल ओट्यावर ठेवायचा आणि पान दिसेपर्यंत कोलंबी सोलत बसायचं. मग मला फोन. "बाला, आज अकरा." एवढंच. कसा आहेस, जेवलास का, काही नाही.

ती वेबसाइट मी बनवलेली. बोईसरला एका हार्डवेअरच्या दुकानावर माझी खोली आहे आणि दारावर 'जागतिक दर्जाच्या वेबसाइट' असा बोर्ड आहे. मावशी नवापूरची. आमच्या पाम गावात ती वर्षानुवर्षं आमच्या दारात मासळी घेऊन यायची. मला विनाचड्डीचा पाहिलेली बाई, तिच्यापुढे जागतिक दर्जा कितीसा टिकणार?

तरी मी कारणं दिली. आधी तिचा मोबाइल जुना म्हणालो, मग नवापूरचं नेटवर्क, शेवटी खारी हवा.

"हवा माज्या आज्याच्या वेलेपासून हाय," ती म्हणाली. "कोलंब्या आता वाडल्या."

खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. वेबसाइट जिथे राहते ते भाड्याचं घर म्हणजे होस्टिंग. मी सगळ्यांत स्वस्त घर बघून त्यात चाळीस गिऱ्हाइकांची बिऱ्हाडं कोंबली होती. चाळीस बिऱ्हाडं आणि नळ एक, मावशीची कळशी भरणार कधी?

वर तिचा रोजचा एक हट्ट. सकाळी वाळत घातलेल्या मांदेलीचा, बोंबलांचा फोटो धाडायची आणि तो लगेच वेबसाइटवर लावायला सांगायची. "कालच्या आणि आजच्या फोटोत फरक काय?" मी एकदा वैतागून विचारलं. "तुला नाय दिसायचा," ती म्हणाली.

एके दुपारी ती थेट ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसली.

"ता होस्टिंग घेताना काय इचारलंस?"

"किंमत."

"आनि कल्ला? मासली ताजी हाय का बगतात तसा कल्ला उगडून नाय बगितला?"

मग तिने मला तीन कंपन्यांना फोन लावायला लावले, तेही स्पीकरवर. एका नळावर किती बिऱ्हाडं? सामान ठेवलंय कुठे, आपल्याकडे की सातासमुद्रापार? बंद पडलं तर फोन माणूस उचलतो का? पहिल्या दोघांनी सगळं अनलिमिटेड असल्याचं सांगितलं. मावशीने हात हलवला. "ठेव. दर्यात पन मासली संपते." तिसरा अडखळत म्हणाला, की आधी आठवडाभर वापरून बघा, नाही जमलं तर सोडा. "याचा घे," मावशी म्हणाली. "याला खोटा बोलता येत नाय." इतकी वर्षं या धंद्यात असून मला हे सुचलं नव्हतं.

वेबसाइट हलवली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "एक पन सोलून झाली नाय." मी फुगलो. आता पुण्यामुंबईची गिऱ्हाइकं कशी येतील ते सांगू लागलो.

"गिऱ्हाईक ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "शेवंतीला दिसंल ना आता?"

दुकानाचं नाव 'वेणू-शेवंती'. शेवंती ही मला त्यांची कुणी देवीबिवी वाटायची. ती मावशीची भागीदारीण निघाली. दोघींनी तीस वर्षं पालघरच्या बाजारात शेजारी बसून मासळी विकली होती. आता शेवंतीचं अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. उमरोळीला लेकीकडे खाटेवर असते. चांगल्या हातात मोबाइल धरून ती दुकान बघायला जायची आणि पान उघडायच्या आत तिचा हात थकून खाली यायचा. आणि मी खाऱ्या हवेला दोष देत बसलो होतो. मला माझीच फार लाज वाटली.

"मावशी, फोटो तिला व्हॉट्सॲपवर धाडायचा ना."

"कीव केल्यागत व्हतं ता. धंदा तिचा पन हाय. मालकिनीने दुकानात आपली आपन यावा."

चारेक दिवसांनी वेबसाइटच्या चौकशीच्या रकान्यातून माझ्याकडे एक संदेश आला. नाव नाही, नंबर नाही. फक्त दोन शब्द, 'मांदेली पालटव'. कुणीतरी टवाळकी करतंय असं समजून मी तो मावशीला हसत हसत वाचून दाखवला.



"खाटेवरून हुकूम सोडते भवानी," ती म्हणाली. फोन बंद करायचं तिला भान राहिलं नाही. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मांदेली पालटता पालटता ती शेवंतीला शिव्या घालत होती, अगदी समोर बसलेल्या माणसाला घालाव्यात तशा, आणि मधूनमधून नाक ओढत होती.