सिंहाच्या वाटा

एका जंगलात एक विद्यापीठ होते. हसू नका मुलांनो. जंगलात कोर्ट असते, कचेरी असते, मग विद्यापीठानेच काय घोडे मारले आहे?

त्या विद्यापीठात साळू नावाची एका साळिंदराची मुलगी शिकत होती. पाठीवर हवे तेवढे टाक उगवलेले, त्यामुळे पेनाचा खर्च नव्हता. विषय घेतला होता राजकीय अर्थशास्त्र. हे शास्त्र फार सोपे असते. राबतो कोण, खातो कोण आणि ढेकर कोण देतो, एवढेच त्यात पाहायचे. अवघड असते ते उत्तर मोठ्याने वाचणे.

साळूची आई दर आठवड्याला दहा कंद खणून वनराज सिंहमहाराजांच्या कोठारात भरायची. तसा नियमच होता. सगळ्यांनी आणायचे आणि मग कोठारातून सगळ्यांना वाटायचे. आईच्या हाती एक कंद यायचा.

"बाकीचे नऊ कुठं जातात गं?" लहानपणी साळूने विचारले होते.

"मला काय ठाऊक? तू शिकलीस की मला सांग," आई म्हणाली होती.

आता साळू शिकली होती, आणि आई काही विसरली नव्हती.

त्याच साली विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी संशोधन अनुदान जाहीर केले. मिळाले तर वर्षभर खाऊन-पिऊन अभ्यास. नाही मिळाले तर साळूने घरी जाऊन आईबरोबर कंद खणायचे. तिने अर्ज लिहिला आणि विषय टाकला, 'सिंहाचा वाटा : एक अभ्यास.'

सिंह कंद खातो का, असे तुमच्यातला एखादा चौकस विचारेल. खात नाही बाळा, पण सोडतही नाही.

साळूचे मार्गदर्शक होते डॉ. कूर्मे नावाचे कासव. विषय वाचल्याबरोबर त्यांनी मान आत घेतली आणि आतूनच म्हणाले, "साळू, मुंग्यांच्या सवयींवर कर ना काहीतरी. मुंग्या तक्रार करत नाहीत."

"सर, मला आईचे नऊ कंद शोधायचेत."

"अगं, माझ्या निवृत्तीला आता ऐंशीच वर्षं राहिलीत." असे म्हणून त्यांनी एक पाय बाहेर काढला आणि सही केली. मनाने चांगले होते बिचारे.

अर्ज कचेरीत गेला. तिथे सरडेभाऊसाहेब टंकलेखन करायचे. सात कुलगुरू आले नि गेले, सरडेभाऊसाहेब खुर्चीच्या रंगाचे होऊन तिथेच बसले होते. त्यांनी एक डोळा अर्जावर ठेवला, दुसरा साळूवर फिरवला आणि टकटक सुरू केली.

अनुदान समितीचे अध्यक्ष होते तरससाहेब. महाराजांच्या पानात उरेल ते खाऊन ते गुटगुटीत झाले होते, त्यामुळे महाराजांच्या जेवणाविषयी कुणी बोललेले त्यांना खपत नसे. त्यांनी टंकलेला कागद नाकाशी धरला.

"'सिंहाच्या वाटा : एक अभ्यास.' वा. महाराज कुठल्या वाटेनं जातात, कुठं वळतात, कुठं थांबतात. आजवर कुणाला सुचलं नाही हे. मंजूर."

मंजुरीचे पत्र पाहून साळूला ब्रह्मांड आठवले. एक 'य' जास्तीचा पडला होता. तेवढ्याने 'चा'चे 'च्या' झाले, आणि तिने मागितलेला हिस्सा जाऊन पदरात रस्ते पडले.

"सर, दुरुस्ती करून घेऊ का?"

"शुद्धलेखनानं पोट भरत नाही," डॉ. कूर्मे म्हणाले. "वाटा तर वाटा. चालायला लाग."

साळू चालायला लागली. मुलगी प्रामाणिक होती. रस्त्यांसाठी अनुदान घेतले तर रस्तेच पाहायचे, असे तिने ठरवले. कित्येक महिने ती जंगलभर वाटा मोजत हिंडली आणि हाती काही लागेना.

मग एके दिवशी ती आईच्या घरावरून कोठाराकडे निघाली. माती मऊ होती. वाटेवर आईच्या पायांचे ठसे होते. कोठाराकडे जाणारे ठसे चार बोटे खोल होते. घराकडे येणारे नीट दिसतही नव्हते. साळूने सशाची वाट तपासली, भेकराची तपासली, रानडुकराची तपासली. सगळीकडे तेच. जंगलात एकच वाट उलटी होती, ती कोठारातून महाराजांच्या गुहेकडे जाणारी. तिच्यावर हमाल गाढवांचे खूर गुहेकडे जाताना रुतले होते आणि येताना हलके झाले होते.

साळू तिथेच मातीत बसली आणि हसत सुटली. नऊ कंद सापडले होते.

प्रबंधात तिने हिश्श्याबद्दल अक्षर लिहिले नाही. कुठला ठसा खोल आणि कुठला उथळ, एवढेच लिहिले. तरससाहेबांनी शीर्षक वाचून तिला सुवर्णपदक दिले. महाराजांच्या वाटांचा हा थोर ग्रंथ पाड्यापाड्यावर वाचून दाखवावा, असा हुकूमही काढला.

वाचन सुरू झाले. ऐकता ऐकता एकेक प्राणी खाली वाकून स्वतःच्या पायांकडे पाहू लागला. मग सगळ्यांनी मान वर केली आणि गुहेकडे पाहिले.

महाराजांच्या कानावर हे गेले, तेव्हा त्यांना गहिवरून आले. "ठसे खोल पडतात म्हणजे माती भुसभुशीत आहे. प्रजेचे हे हाल आम्हाला बघवत नाहीत," ते म्हणाले. महिन्याभरात सगळ्या वाटांवर दगडी फरशी बसली. ठसे उमटायचे बंद झाले. फरशीच्या खर्चापोटी अकरावा कंद सुरू झाला.

साळू रडवेली होऊन घरी आली. "आई, माझ्यामुळं तुझा एक कंद वाढला गं."

"वाढू दे," आई म्हणाली. "इतकी वर्षं मी एकटीच विचारत होते, माझे नऊ कुठं गेले. आता सगळा पाडा विचारतोय, आमचे दहा कुठं गेले. तू आपली पुढचं शीक."

साळूला एकदम बरे वाटले. तिने नवा अर्ज लिहिला, 'महाराजांचा कर : कोणाकडून आणि किती.' तो घेऊन ती कचेरीत गेली.

"भाऊसाहेब, या खेपेला तेवढं नीट टंका. मागं एक 'य' जास्तीचा पडला होता."

सरडेभाऊसाहेब हिरव्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे पुन्हा हिरवे झाले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाळ, तीस वर्षं टंकतोय. माझी वेलांटी चुकत नाही, तिथं अख्खा 'य' चुकेल? मीही आठवड्याला दहा टोळ भरायचो कोठारात, आता अकरा भरतो. एक परत मिळतो."

आणि त्यांनी कागद यंत्रात सरकवला.

समितीची बैठक भरली. तरससाहेबांनी अर्ज वाचला, "'महाराजांचे करकमल : एक अभ्यास.'" त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. अनुदान दुप्पट झाले.

तात्पर्य : मुलांनो, शुद्ध लिहावे, म्हणजे परीक्षेत गुण मिळतात. अनुदान हवे असेल, तर नेमके कुठे चुकायचे हे जाणणाऱ्या कारकुनाला नमस्कार करून मगच अर्ज द्यावा.