वामनराव साळिंदराचे दार

एका जंगलात वीज आली होती. जंगलात वीज कशी, असे विचारू नका मुलांनो. निवडणूक झाली होती.

त्या जंगलात वामनराव नावाचे एक साळिंदर राहत होते. ते, त्यांची बायको अनसूया आणि नुकतीच जन्मलेली पिल्ले. मोठ्या साळिंदराच्या वाटेला कोणी जात नाही, त्याच्या काट्यांमुळे. पण पिल्लांचे काटे सुरुवातीला मऊ असतात. हे तुम्हाला माहीत नसेल. नाल्यापलीकडच्या तरसाला मात्र पक्के माहीत होते.

तरस रोज संध्याकाळी येई आणि बिळात नाक घाली. नाकाशिवाय त्याचे काही आत जात नसे, कारण बिळाचे तोंड अरुंद होते. तो वास घेई, उसासा टाकी आणि निघून जाई.

"अहो, बिळाला एक दार करा," अनसूया म्हणाली. "फळी आणून ठेवलीये. चार दिवस कुरतडलीत की झालं."

लाकूड कुरतडणे साळिंदराला जन्मतःच येते. दुसरा कोणी असता तर लगेच कामाला लागला असता. पण वामनराव विचार करणारे होते. जंगलात असे थोडेच असतात, आणि तेवढे पुरतात.

"दातांनी?" ते म्हणाले. "या काळात? अगं, आपण घरीच सीएनसी मशीन बनवू. आपण फक्त आकार सांगायचा, ते आपोआप लाकूड कोरतं. एकदा यंत्र झालं की दार म्हणजे अर्ध्या तासाचं काम."

"आणि यंत्र व्हायला किती वेळ?"

वामनरावांना हा प्रश्न ऐकू आला नाही. ज्यांना तो ऐकू येतो ते दातांनी दार करून मोकळे होतात.

पाणवठ्यावर यंत्र बनवणाऱ्यांची बैठक भरत असे. बापूसाहेब रानडुक्कर तिचे अध्यक्ष. त्यांचे यंत्र फार जुने आणि फार नावाजलेले होते. त्याने आजवर एकच वस्तू कोरली होती, ती म्हणजे बापूसाहेबांच्या नावाची पाटी.

"मोटर कुठली टाकणार?" बापूसाहेबांनी विचारले. वामनरावांनी सांगितली.

"चुकलात," बापूसाहेब म्हणाले. बैठकीत कोणी काहीही सांगितले तरी ते हेच म्हणत. म्हणून तर अध्यक्ष होते.

वामनरावांनी यंत्राचा लोखंडी सांगाडा बाहेरच्या सपाट खडकावर जोडला. चारही कोपरे काटकोनात बसवताना त्यांची दमछाक झाली. मग आभाळ भरून आले, तसा ते सांगाडा आत ओढू लागले. तो बिळाच्या तोंडात अडकला. आत मावेल का, हे मोजायचे राहिलेच होते.

"सुटा करा आणि आत नेऊन जोडा," अनसूया म्हणाली.

"काटकोन बिघडतील!"

त्यांनी सांगाडा सुटा केला नाही. बिळाचे तोंड खणून रुंद केले.

त्या संध्याकाळी तरसाचे नाक आत आले आणि नाकामागून अख्खे डोके आले. अनसूयेने काटे फुलवून त्याला बाहेर घालवला. पिल्ले कोपऱ्यात दडली होती.

"तोंड मोठं झालं, तर दारही मोठं लागेल," वामनराव म्हणाले. "यंत्राला काय, लहान काय नि मोठं काय."

मग वायरिंग सुरू झाले. लाल वायर संपली म्हणून पुढे पिवळी जोडली. पिवळी आधीच दुसऱ्या कामाला लावली होती. वामनरावांनी सगळ्या वायरी एका ओळीत घेतल्या, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळल्या आणि मागे सरकून कौतुकाने पाहिल्या. तेवढ्यात एक वायर जमिनीवर पडलेली दिसली. सगळ्या पट्ट्या कापल्या. पुन्हा आवळल्या. अनसूया त्या वेळी पिल्लांना पोटाखाली घेऊन बिळाच्या तोंडाशी राखण करत बसली होती. दोघांच्याही कामाला यंत्रप्रेमी मंडळी संसार म्हणतात.

शेवटी यंत्र चालू झाले. त्याला उजवीकडे जा म्हटले, ते डावीकडे गेले. वर जा म्हटले, ते खाली आले आणि लाकूड कोरणारा कटर फळीत घुसला.

"हे थांबवायचं कसं?" अनसूया ओरडली.

"हे लाल बटण!" वामनरावांनी ते मोठ्या ऐटीत दाबले.

यंत्राचे सरकणे थांबले. कटर फिरतच राहिला, कारण त्याची वायर त्या बटणातून घ्यायची राहिली होती. तो एकाच जागी गरगरत बसला. फळीतून धूर निघाला. पिल्ले खोकू लागली. अनसूयेने धावत जाऊन प्लग उपटला.

"पाहिलंस?" वामनराव म्हणाले. "सरकणं कसं झटकन थांबलं!"

वायरी सुधारल्या. कटरही बटण ऐकू लागला. मग वामनरावांनी बिळाचे तोंड मोजले आणि यंत्राचे टेबल मोजले. टेबल लहान होते. नवे दार त्यावर मावत नव्हते.

"दोन तुकड्यांत करा नि जोडा," अनसूया म्हणाली.

"मध्ये सांधा दिसेल!" वामनरावांच्या अंगावर काटा आला. म्हणजे होताच, तो उभा राहिला. "त्यापेक्षा या यंत्रावर मोठ्या यंत्राचे भाग कोरू."

यंत्र कामाला लागले, आणि उत्तम लागले, हे मला कबूल केले पाहिजे. त्याने मोठ्या यंत्राचे भाग कोरले. दाराची फळी त्यातच संपली. आत पहिले यंत्र असल्याने दुसरे पुन्हा बाहेर खडकावर जोडावे लागले. पण वामनराव अनुभवातून शिकले होते. या वेळी त्यांनी बिळाचे तोंड आधीच खणून ठेवले.

अनसूयेने त्या भगदाडाकडे पाहिले.

"आज तरस अख्खा आत येईल," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता माती लोटून हे बुजवू या."

"बुजवलं तर मोठं यंत्र आत कसं आणायचं?"

"मग चला. मागच्या चिंचोळ्या वाटेने माझ्या बहिणीच्या बिळात जाऊ. तिथलं तोंड अरुंद आहे."

"तुम्ही व्हा पुढे. एवढा एक स्क्रू आवळतो आणि आलोच."

मुलांनो, इथे मला या प्राण्याचा फार राग येतो. सर्वांत धाकट्या पिल्लाने मागे वळून पाहिले होते. वामनराव स्क्रूकडे पाहत होते.

संध्याकाळी तरस आला. त्याला वाकावेही लागले नाही. त्याने कोपरे हुंगले. पिल्ले नव्हती. वामनरावांचे काटे पाहून तो त्यांच्यापासून जरा लांबच बसला. पिल्ले कधीतरी बापाला भेटायला येतील, असा त्याचा हिशेब होता. तोवर वेळ काढायला हवा होता, म्हणून त्याने विचारले,

"हे काय आहे?"

वामनरावांनी हातातला स्क्रू खाली ठेवला. त्यांना हे आजवर कोणीच विचारले नव्हते. त्यांनी पहिल्यापासून सगळे सांगितले. मोटर कुठली, स्क्रू कुठले, पिवळी वायर का. तरस मान डोलावत राहिला. एकदाही तो "चुकलात" म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशीही तो आला. मग तो तिथेच राहू लागला. दोघांनी मिळून मोठे यंत्र आत घेतले. एका बाजूने तरसाने धरले. त्याचे लक्ष तेवढे दोन्ही वाटांवर असे.

बैठकीत कळल्यावर बापूसाहेब स्वतः यंत्र पाहायला आले. बिळात तरस बसलेला पाहून बाहेरूनच "छान, छान" म्हणाले आणि परत गेले.

मोठे यंत्र एकदाचे सुरू झाले. दार करायला फळी उरली नव्हती. एक छोटा तुकडा होता. वामनरावांनी त्यावर पाटी कोरली आणि बिळाच्या उघड्या तोंडाशी टांगली.

"वामनराव साळिंदर आणि परिवार."

तरसाने पाटी लक्ष देऊन वाचली.

"अक्षर फार सुंदर आलंय," तो म्हणाला. "परिवार कधी येतोय?"

तात्पर्य : ज्याला घराचे दार करायचे आहे त्याने आधी घराची भिंत पाडावी. शत्रू आत येतो, हे खरे. पण आपल्या यंत्राबद्दल इतके मन लावून ऐकणारा दुसरा मिळतो कुठे?