आधी समुद्र होता

अहेरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या नामदेवभाऊंकडे मीठ मागायला जाऊ नये. मी गावात नवा होतो, म्हणून वाटी घेऊन गेलो. भाजी गॅसवर होती.

"मीठ?" भाऊ खाटेवर सरळ झाले. "बसा सर. पह्यले तिथी समुद्र होता."

"कुठे?"

"हिमालयात!"

मग समुद्र हटला, डोंगर वर आले, डोंगरांत खिंडी झाल्या आणि तिबेटचं मीठ छोट्या थैल्यांतून, मेंढ्यांच्या पाठीवर खाली येऊ लागलं. मेंढ्या खिंडीखालच्या नीती गावात पोचेपर्यंत माझी भाजी करपली होती.

भाऊ तरुणपणी गढवालात रस्त्याच्या कामावर ट्रक चालवायचे. मे महिन्यात अहेरीच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तेव्हा ते ओट्यावर बसून म्हणतात, "आता तिथले लोक वरच्या गावी चालले असतीन. हिवाळ्यात खाली, उन्हाळ्यात वर. पुरं गावच चालते, सर!" चीनशी युद्ध झालं, खिंड बंद पडली, व्यापार संपला, हे सांगताना त्यांचा आवाज असा उतरतो, जणू दुकान त्यांचंच बुडालं.

"माह्या लग्नापासून त्या मेंढ्या उतरूनच राह्यल्या," आतून त्यांच्या बाई म्हणतात. "एक घरी नाई आली!"

गेल्या दिवाळीआधी मला मलेरिया झाला. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एटापल्लीकडच्या कॅम्पातला एक जवान होता. तापाने खंगलेला, कोणाशी बोलेना, ताट तसंच परत पाठवी. भाऊ माझा डबा घेऊन आले. "हा गढवालचा आहे, नर्स सांगत होती," मी सहज म्हणालो. भाऊ डब्यासकट तिकडे वळले.

"भुला, कन छै?" लहान भावा, कसा आहेस?

जवानाने डोळे उघडले. त्याचं गाव नीतीच्याच वाटेवरचं निघालं. मी मनात म्हटलं, आता समुद्र येणार. पण भाऊ काही सांगेनात, नुसते विचारत राहिले. आई वरच्या गावी आहे की खाली? राजमा निघाला का? घराचं छप्पर पाटीच्या दगडाचंच का अजून? जवान बोलत गेला, आणि बोलता बोलता त्याने माझा डबा संपवला.

संध्याकाळी त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. त्याने फोन भाऊंच्या हाती दिला. माउलीने अंगणातून फोन फिरवला. दगडी घरं, पिवळी पडलेली झाडं, मागे बर्फाचं शिखर.

"भैयाजी, आप भी आ जाओ कभी," ती म्हणाली.

भाऊंनी फोन आणखी जवळ धरला. ते मान हलवत राहिले.

"जाऊन या ना एकदा, बाईंना घेऊन," फोन बंद झाल्यावर मी म्हणालो.

"छातीच्या डॉक्टरनं उंचावर जायले मनाई केली. बाईले सांगितलं नाई मी." भाऊ खिडकीबाहेर पाहत होते. "तुले तिकडे नेतो म्हणून लग्नात कबूल केलो होतो, सर. आता नेता येत नाई. म्हणून सांगत राह्यतो."

मग उठून त्यांनी जवानाच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"उद्या काय आणू, भुला?"