येसूआत्या बारशाला निघते

एका जंगलात, जिथं झाडं संपून खाडी लागते तिथं, येसू नावाचं पाणमांजर राहत होतं. खाडीपलीकडच्या बेटावर तिच्या भावाला मुलगा झाला. आता बाळांनो, बारशाला कानात नाव सांगायचं ते आत्यानंच. ती येईपर्यंत बाळ बिनानावाचं.

येसूआत्या हरखून गेली. तिनं नाव ठरवलं, कुंची शिवली. कुंची भिजू नये म्हणून शिडाच्या होडीतून जायचं ठरलं.

होडीला डिझेलचं जुनं इंजिन होतं. ते खोकायचं, पण चालायचं. एवढ्यात कुर्लेसाहेब आले. हे खेकडे. जन्मभर आडवे चालले, आणि पुढं कसं जावं याचा सल्ला देत.

"अजून धूर? बाळाच्या फुप्फुसांचा विचार करा!" ते म्हणाले.

आत्या शरमली. इंजिन गेलं, विजेची मोटार आली. मोटारीला बॅटरी आली. बॅटरीसाठी टपावर सौर पॅनेल आलं. पॅनेलवर शिडाची सावली पडायला लागली.

"शीड उतरवा," साहेब म्हणाले.

"अहो, पण होडी शिडाची आहे!"

"म्हणूनच मागं राहिलात."

शीड उतरलं. मग ढग आले आणि बॅटरी भरेना. साहेबांनी जनरेटर आणवला. तो डिझेलवर चालायचा.

"म्हणजे परत धूरच की हो!"

"छे! पूर्वी धूर होडी चालवायचा. आता धूर बॅटरी भरतो आणि बॅटरी होडी चालवते. याला हायब्रीड म्हणतात."

आत्याला काही कळलं नाही, म्हणून तिला ते पटलं.

बेटावरून बगळा निरोप घेऊन आला. बाळ रांगायला लागलं होतं. आत्याचा जीव तुटला.

"वारा छान सुटलाय. शीड चढवते आणि जाते कशी!"

"वारा किती टक्के शिल्लक आहे, दिसतं का कुठं?" साहेबांनी विचारलं.

खरंच, कुठंच दिसत नव्हतं. आत्या बॅटरीच्या मीटरसमोर बसली. शंभर झाल्याशिवाय निघायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं.

एके दिवशी पाण्यातून एक ओलं डोकं वर आलं.

"आत्या, मी आलो. पोहत. सगळे मला 'ए' म्हणतात. माझं नाव सांग ना."

आत्यानं त्याला पोटाशी धरलं. तिला रडू आवरेना. कुंची त्याच्या एका कानावरच बसली. ती त्याच्या दुसऱ्या कानाशी वाकली, आणि मीटर टुंग वाजलं.

"शंभर!" आत्या ओरडली. "थांब हं राजा, निघालेच मी तुझ्या बारशाला!"

तिनं बाळाला काठावर ठेवलं आणि होडी हाकारली.

"आत्या, मी इकडंय!"

मोटारीला आवाज कसा तो नव्हता, त्यामुळे हाक तिला स्वच्छ ऐकू आली. पण मान वळवायला सवड कुठं? मीटर नव्व्याण्णव दाखवत होतं. तिनं होडी गर्रकन फिरवली, काठाला लावली आणि जनरेटर सुरू केला.

धूर निवळला तेव्हा बाळ काठावर नव्हतं. ते बेटाकडं पोहत निघालं होतं, अजून 'ए'च.

तात्पर्य : मुलांचं काय, ती बिनानावाचीही वाढतात. बॅटरी मात्र वापरली की उतरते. तेव्हा शहाण्यानं आधी बॅटरी जपावी.