सुपडूभाऊंचं ठरत नाही

जळगावहून धुळ्याला निघालेली सुपडूभाऊंची गाडी पाळधी ओलांडते न ओलांडते, तोच ते रेडिओ बंद करतात, आरशातून मागे बघतात आणि जो कोणी बसलेला असेल त्याला विचारतात, "तुम्हीच सांगा, मी आठे ऱ्हाऊ का तठे जाऊ?"

नवखा माणूस दचकतो. त्याला वाटतं, ड्रायव्हर रस्ता चुकला. मग सुपडूभाऊ समजावून सांगतात. 'आठे' म्हणजे आबांची टॅक्सी कंपनी, जिच्यात ते तरुणपणापासून आहेत. 'तठे' म्हणजे धुळ्यात नव्याने आलेली निळ्या गाड्यांची कंपनी, जिची गाडी मोबाइलवर बोलावता येते. जुनी सोडून नवीत जावं की न जावं, एवढाच प्रश्न. पण तो ते इतक्या कळकळीने विचारतात, की झोपायला टेकलेला माणूससुद्धा सावरून बसतो आणि मत देतो.

माझं घर जळगावला आणि नोकरी धुळ्यात, बियाण्यांच्या एका कंपनीत. सोमवारी जायचं, शुक्रवारी परतायचं. एसटीत कंबर धरते म्हणून मी दोघा-तिघांत मिळून टॅक्सी करते आणि ती टॅक्सी बहुतेक वेळा सुपडूभाऊंचीच असते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला किती वेळा आला असेल ते विचारू नका.

सल्ला ऐकायची त्यांची एक पद्धत आहे. समोरचा बोलायला लागला की ते गाडीचा वेग कमी करतात. बोलणं जितकं महत्त्वाचं, तितकी गाडी हळू. मागून ट्रकवाले हॉर्न बडवत असतात, बैलगाडीसुद्धा पुढे निघून जाते, पण सुपडूभाऊ मान डोलावत ऐकत राहतात आणि शेवटी म्हणतात, "बात वजनदार शे." हे वाक्य ते 'सोडा' म्हणणाऱ्यालाही ऐकवतात आणि 'राहा' म्हणणाऱ्यालाही. रोजची आम्ही मंडळी म्हणूनच एका शब्दात उत्तर द्यायला शिकलो होतो. एकदा शिरपूरच्या एका मास्तरीणबाई गाडीत होत्या. त्यांनी एरंडोलला सुरुवात केली, नोकरी बदलण्याचे फायदे, मग तोटे, मग पुन्हा फायदे. धुळे आलं तेव्हा त्यांची शिरपूरची बस निघून गेली होती. बाई रागावल्या नाहीत. उलट उतरताना म्हणाल्या, "माझा एक मुद्दा राहिला, तो परत येताना सांगते."

सावद्याचे एक केळीचे व्यापारी होते. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "अहो, आमच्याकडे घड तयार झाला की झाडावर ठेवत नाहीत, लगेच गाडीत भरतात. तुम्ही इतकी वर्षं कशाला लटकून राहिलात? निघा!"

एकदा तर सुपडूभाऊंनी पारोळ्याला लग्नाला निघालेल्या नवरदेवालाच विचारलं. तो फेटा सांभाळत म्हणाला, "काका, आज मला ठरवण्याबद्दल काही विचारू नका." त्यावर पुढे बसलेला त्याचा मामा असा काही भडकला, की उरलेली वाट सुपडूभाऊंनी मुकाट्याने कापली. वेगाने कापली, त्यामुळे वरात वेळेत पोहोचली.

माझं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. "सोडा," मी म्हणायचे. "अहो, गाडी बघा तुमची. डावीकडची काच पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उभी आहे. एसीचं नुसतं बटण आहे. मे महिन्यात माणसं भाजून निघतात. नव्या कंपनीत गाडी नवी, सुट्टी ठरलेली. आणि तुमचे आबा काय देणार तुम्हाला म्हातारपणी?"

"बात वजनदार शे, ताई," सुपडूभाऊ म्हणायचे आणि पुढच्या सोमवारी पुन्हा विचारायचे.

शेवटी मलाच राहवेना. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंचे दीर नव्या कंपनीच्या धुळ्यातल्या, देवपूर भागातल्या कार्यालयात मॅनेजर होते. मी परस्पर बोलले, वेळ ठरवली आणि एका शुक्रवारी दुपारी सुपडूभाऊंना सांगितलं, "चला, देवपूरला जाऊन येऊ."

"कोणाकडे?"

"तठे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, मुलाखतीला घाबरले. पूल ओलांडून देवपुरात शिरेपर्यंत ते तीन ठिकाणी पाणी प्यायला थांबले.

मॅनेजर तरुण होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, समोर दोन मोबाइल, दोन्ही वाजणारे. त्यांनी सुपडूभाऊंचं लायसन्स बघितलं आणि कौतुकाने म्हणाले, "एवढ्या वर्षांत एकही अपघात नाही?"

"गाडी हळू चालते त्यांची," मी म्हटलं. का, ते सांगितलं नाही.

"छान. आमचे नियम सोपे आहेत. पॅसेंजर बसला की नमस्कार म्हणायचं. एसी ठीक आहे का, विचारायचं. उतरताना धन्यवाद. मधे बोलायचं नाही. लोकांना आवडत नाही, ते तक्रार करतात."

"मधे काहीच नही?" सुपडूभाऊंनी विचारलं.

"काहीच नाही. बरं, तुम्हाला काही शंका?"

सुपडूभाऊ खुर्चीत पुढे सरकले. मला कळलं काय येणार ते, पण अडवायला वेळ मिळाला नाही.

"साहेब, तुम्हीच सांगा. मी आठे येऊ का तठेच ऱ्हाऊ?"

मॅनेजरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग उठून दार लोटून घेतलं, दोन्ही मोबाइल उपडे ठेवले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "काका, खरं सांगू? मीच कंपनी बदलायचा विचार करतोय. नाशिकला एक जागा आहे. बायको म्हणते जा, आई म्हणते नको. तुम्हाला काय वाटतं?"

पुढचा बराच वेळ सुपडूभाऊंनी मॅनेजरांचं ऐकून घेतलं. मान डोलावली. शेवटी "बात वजनदार शे" म्हणाले. मॅनेजर इतके हलके झाले, की त्यांनी आम्हाला चहा पाजला, सुपडूभाऊंना निळी टोपी दिली आणि म्हणाले, "सोमवारी या. नवी गाडी तयार ठेवतो."

मी खूश होते. परतीच्या गाडीत आणखी दोघे होते. सुपडूभाऊंनी त्यांना काहीही विचारलं नाही. रेडिओ चालूच राहिला. पारोळ्याला आम्ही नेहमी चहाला थांबतो, तिथेही थांबले नाहीत. टोपी पुढच्या काचेपाशी ठेवली होती, ती वळणावर खाली पडली. त्यांनी उचलली नाही.

मला कारण उघड दिसत होतं. बिचाऱ्याला आबांना सांगायचं धैर्य होत नसणार. हे आबा मी कधी पाहिले नव्हते, पण माझ्या डोळ्यांपुढे माणूस उभा होता: जाडजूड, बोटात अंगठ्या, वर्षानुवर्षं एका गरीब माणसाला उपकाराखाली दाबून ठेवणारा. म्हटलं, हेही काम आपणच करून टाकावं.

जळगावला स्टँडपाशी मी उतरले. सुपडूभाऊ बाकीच्या दोघांना पिंप्राळ्याकडे सोडायला गेले. मी रस्ता ओलांडून आबांच्या कार्यालयात शिरले.

कार्यालय म्हणजे एक अरुंद गाळा. टेबल, त्यावर जुना फोन, भिंतीवर गाड्यांच्या किल्ल्या अडकवायच्या खिळ्यांची लांब रांग. एकाही खिळ्याला किल्ली नव्हती. टेबलामागे पांढऱ्या सदऱ्यातला एक किरकोळ म्हातारा, जाड भिंगांचा चष्मा लावून दाराकडे तोंड करून बसला होता.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी सुपडूभाऊंच्या गाडीने धुळ्याला जाते, आबा."

"बियाण्याच्या कंपनीतल्या ताई!" ते एकदम उठले, चाचपडत खुर्ची पुढे ओढली. "बसा, बसा. रोज नाव निघतं तुमचं इथे."

मी बसले, पण बोलायचं ते बोलून टाकलं. "आबा, राग मानू नका. सुपडूभाऊंना आता मोकळं करा. त्यांना चांगली नोकरी मिळतेय."

आबा हसले. "मी बांधलंय का त्याला? अहो, मीच त्याच्या मागे लागलोय, जा म्हणून. धंदा राहिला नाही. सगळ्या गाड्या गेल्या, ही एक उरली. मुलगा पुण्याहून सांगतो, गाळा भाड्याने द्या. मी सुपडूला म्हटलं, हातपाय चालताहेत तोवर दुसरीकडे लाग. तर म्हणतो, आबा, चार लोकांना विचारतो आणि सांगतो."

"मग?"

"मग काय, रोज संध्याकाळी सांगतोच ना. सावद्याचे शेठ म्हणाले, जागा बदलू नका. शिरपूरच्या बाईंनी तर एरंडोलपासून धुळ्यापर्यंत बजावलं म्हणे, जुनं ठिकाण सोडायचं नाही. एक नवरदेव होता, तोसुद्धा म्हणाला, काका, राहा तिथेच. सगळं गाव एकीकडे आणि मी एकटा एकीकडे. काय बोलणार?"

पाळधीपासून धुळ्यापर्यंत गोळा झालेला प्रत्येक सल्ला या दाराशी येईपर्यंत उलटा झाला होता.

"आणि तुम्ही तर," आबा म्हणाले, "तुम्ही तर दर सोमवारी म्हणता म्हणे, आबांसारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. "तुम्ही मला पाहिलंही नव्हतं. म्हणून मला नवल वाटायचं. खरंच म्हणालात का हो?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"म्हणाले," मी सांगितलं.

आबांनी चष्मा पुन्हा लावला. "तसं सुपडूलाही कोणी नाही," ते म्हणाले. "पारोळ्याच्या बाजूचा. गाड्या पुसायला आला, तो राहिलाच. चालवायला मी शिकवलं. त्याच्या पोरीच्या लग्नात नवरीची गाडी मी चालवली होती, ड्रायव्हर म्हणून, टोपीबिपी घालून. आता पोरगी सुरतेला, बायको गेली. सकाळचा चहा इथे, रात्रीचं जेवण माझ्याकडे. तो भाकरी करतो, मी कांदा चिरतो. मला दिसत नाही, म्हणून कांदा जाड होतो. पण बोलत नाही तो काही."

सुपडूभाऊ दारात आले. हातात औषधाच्या दुकानातली पिशवी होती. मला बघून ते जागच्या जागी थांबले.

"ताई? तुम्ही आठे?"

"ये, ये," आबा म्हणाले. "तुझ्या ताई आल्यात. काय सांगतात ऐक जरा."

सुपडूभाऊंनी खाली बघितलं. पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. इतक्या जणांची मतं विचारणाऱ्या त्या माणसाला माझं मत ऐकायची हिंमत होत नव्हती.

"मी आबांना तेच सांगत होते, भाऊ," मी म्हटलं. "तुम्ही आहात तिथेच राहा."

त्यांनी वर बघितलं. ओठ हलले, पण 'बात वजनदार शे' त्यांना म्हणता आलं नाही. त्यांनी पिशवीतली डोळ्यांच्या थेंबांची बाटली काढली आणि आबांच्या टेबलावर नीट उभी ठेवली.

"बघ," आबा खुशीत म्हणाले. "मी हरलो. चल, बंद कर गाळा."

शटर ओढलं जात असतानाच माझा फोन वाजला. देवपूरचे मॅनेजर होते. "मॅडम, सोमवारी काका नक्की येतायत ना? गाडी लावून ठेवतोय."

"नाही येणार," मी म्हटलं. "मीच त्यांना नको म्हणाले."

"अहो, पण दुपारी तर तुम्हीच..."

"माझं मत बदललं."

मग ते हळूच म्हणाले, "मॅडम, माझ्याबद्दल काका काही बोलले का? नाशिकचं?"

मी त्यांना काहीतरी उत्तर दिलं आणि फोन ठेवला. माझं लक्ष समोर होतं. दिवे लागले होते. सुपडूभाऊ आबांचा कोपर धरून त्यांना पायरीवरून उतरवत होते. गाडीपाशी आल्यावर मला वाटलं, आबा डावीकडे जातील. पण ते गाडीला हात लावत लावत उजवीकडे वळले, दार उघडलं आणि स्टिअरिंगपुढे जाऊन बसले. सुपडूभाऊंनी दार अलगद लावलं आणि बाहेरच उभे राहिले, किल्ली हातात धरून.

आबांनी सीटवर पाठ टेकली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आरसा जरासा सारखा केला. समोरच्या रस्त्यावर रिक्षा, मोटारसायकली, हातगाड्या यांची नुसती गर्दी होती. त्यातलं त्यांना किती दिसत होतं कोण जाणे. सुपडूभाऊ घाई करत नव्हते. रोजचंच असावं तसे ते टेकून उभे होते.

बऱ्याच वेळाने आबांनी हात खाली घेतले.

"आज तू चालव रे, सुपडू," ते म्हणाले. "मी दमलो."

"बरं, आबा," सुपडूभाऊ म्हणाले, आणि त्यांना उतरून पलीकडच्या सीटवर जाता यावं म्हणून दार उघडून हात पुढे केला.