बनुबाईंची खानेसुमारीवरील फत्ते

श्रीसिद्धनाथ प्रसन्न. शके अठराशे ब्याण्णव, साधारणनाम संवत्सरी, फाल्गुनमासी दिल्लीदरबारास जिज्ञासा जाहली की, मुलखात राबती माणसे किती आणि त्यांत कलेवर पोट भरणारी शेकडा किती, हे कळल्यावाचून राज्य चालणे कठीण. आणि मग गावोगावी शाळामास्तरांस खानेसुमारीची सनद देऊन स्वारीस काढिले.

म्हसवडानजीकच्या एका वाडीवर ही मोहीम रा. रा. आण्णा गुरुजींकडे होती. ते शिसपेनीची समशेर कानी खोवून जोतिबांचे अंगणी दाखल जाहले. जोतिबा ओट्यावर तंबाखू मळीत होते. जमीन खडकाळ माळाची, औत कैक वर्षे चालले नव्हते. तरी मिशीस पीळ देऊन "धंदा शेती" म्हणाले आणि गुरुजींनी ते बेलाशक रुजू केले. मग त्यांचे कुटुंब बनुबाई, ज्या तमाशाचे फडात नाचून-गाऊन हे घर पोशीत, त्यांचे नावापुढे न पुसताच, मोठ्याने उच्चारीत 'घरकाम' लिहिले.

बनुबाई सुजल्या घोट्यांनी चार रोज विसाव्यास आल्या होत्या. चुलीपुढे तो शब्द कानी पडला आणि काळजात चर्र जाहले. लोकांनी नाचीण म्हणोन हिणविले ते सोसले. आता सरकार मेहनतच नाकारिते! मग फुंकणी घेऊन बाहेर आल्या.

"गुरुजी, म्या काम करत न्हाई व्हय?"

गुरुजींनी फर्माविले की, नाच ही करमणूक. कामास घाम लागतो.

"करमणूक तुमची, घाम माजा! औंदा जत्रंत पयल्या रांगंत बसून टोपी उडवत हुता, तवा मी काय भांडी घासत हुते?"

दैवयोगे गुरुजींचे कुटुंब आक्काताई शेजारी मिरची कुटीत होत्या. जत्रेच्या रोजी गुरुजी "शिक्षकांच्या सभेस" साताऱ्यास गेले होते, ऐसी घरी वर्दी होती. मुसळ वरच्या वर थांबले. गुरुजींस दरदरून घाम फुटला, आणि मग रबर काढून 'घरकाम' नेस्तनाबूत केले व 'कलावंत' लिहिले.

"आन ह्यांची शेती बी खोडा. नांगर कुटं हाय, त्ये इचारा."

"आगं, चारचौघांत..." जोतिबांस तंबाखूचा ठसका लागला.

"चुलीत गेला नांगर! म्याच जाळला."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. वाडीत राबती माणसे होती तितकीच राहिली, एक वाढले, एक घटले. कलावंतांचा वाटा मात्र शून्यावरून वर चढला. जोतिबांचे नावापुढे 'बायकोवर अवलंबून' ऐसे सरकारदप्तरी कायम जाहले.