अधिकृत शिखर

लांबची वस्तू बारकाईने पाहायची असेल, तर पाहणाऱ्या दोघांनी एकमेकांपासून शक्य तितके लांब उभे राहावे, हे आता शास्त्रसंमत आहे. (प्रशासनात ही पद्धत आधीपासून रूढ होती : निर्णय मॉस्कोत, काम आमच्याकडे.) ओका नदीकाठच्या आमच्या रेडिओ वेधशाळेत याच तत्त्वावर काम चाले. एक तबकडी बर्चच्या रानात, जमिनीवर. दुसरी उपग्रहावर, चंद्राच्या निम्म्याहून अधिक वाटेवर. दोघींनी आकाशातल्या एकाच ठिपक्याच्या लहरी एकाच क्षणी टिपायच्या. मग दोन्ही नोंदी एकीवर एक ठेवून सरकवत राहायचे. जिथे त्या जुळतील तिथे आलेखावर एक शिखर उभे राहते. शिखर आले, की दोन तबकड्या मिळून एकच अवाढव्य तबकडी झाली असे समजायचे. नाही आले, तर बैठक घ्यायची.

मी या वेधशाळेचा वैज्ञानिक सचिव. बैठकांची इतिवृत्ते मी लिहितो. त्या वर्षी शिखर काही येईना, त्यामुळे संस्थेत सर्वाधिक उत्पादन माझ्या टेबलावर झाले.

जमिनीवरची तबकडी अफानासी क्लिमोविच सांभाळत. नोंदी जुळवण्याचा विभाग झिनाइदा प्लातोनोव्ना यांच्याकडे. दोघे नवरा-बायको. कामाच्या वेळी त्यांच्यामध्ये जंगलाचा एक पट्टा असे, उरलेल्या वेळी कोबीच्या सुपाचे पातेले. मी त्यांचा शेजारी, आणि आमच्या इमारतीच्या भिंती अशा, की पलीकडे मीठ कमी पडले तरी अलीकडे कळावे.

"तुझं यंत्र आंधळं आहे, झिना!"

"माझं यंत्र ठीक आहे. तुझ्या घड्याळाला विचार, किती वाजलेत ते!"

(घड्याळ हायड्रोजनचे होते. लाखो वर्षांत एखाद्या सेकंदाने चुकणारे. कँटीन उघडण्याची वेळ मात्र त्यालाही कधी सांगता आली नाही.)

शिखर का येत नाही, हे झिनाइदा प्लातोनोव्ना यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकले होते. "दोन तबकड्या इतक्या लांब गेल्या, की नजर फारच बारीक होते. आपला ठिपका त्या नजरेला पसरट पडतो, आणि मग काहीच जुळत नाही. उपग्रह पृथ्वीजवळून जाईल तेव्हा आधी करून बघू. मग हळूहळू लांब जाऊ."

आमचे संचालक वालेरियान गोर्देयेविच दूरदृष्टीचे गृहस्थ. ते म्हणाले, "जवळून? जवळून काय, कुणीही बघेल! आपल्याला विक्रम करायचाय."

आणि विक्रम झालाही. इतक्या स्पष्टपणे काहीच न दिसणे जगात दुसऱ्या कोणाला जमलेले नव्हते.

तरीही पद्धत म्हणून उपसमिती नेमली गेली. तिने अपयशाची कारणे टक्केवारीसह दिली : घड्याळ तीस, उपग्रहाचा मार्ग पंचवीस, सूर्यावरची वादळे दहा, झिनाइदा प्लातोनोव्ना यांचा स्वभाव पस्तीस. बेरीज बरोबर शंभर आल्यामुळे अहवाल एकमताने मंजूर झाला.

मग मॉस्कोहून कळले, की पाहणी आयोग येतोय. शिखर असेल तर अफानासी क्लिमोविच यांना पदक. नसेल तर जुळवणी विभागाला कुलूप, आणि तिथली सगळी माणसे घरी. संचालकांनी झिनाइदा प्लातोनोव्ना यांना बोलावून घेतले. समोर ताजा आलेख होता. सगळीकडे सारखी खरखर, माळावरच्या गवतासारखी.

"यात सगळ्यात उंच ठिपका कुठला?"

"हा. पण हे गवत आहे, वालेरियान गोर्देयेविच."

"उंच आहे की नाही?"

"कुठला तरी असणारच ना! चार बुटके रांगेत उभे केले तरी एक उंच निघतोच."

"झालं तर! शिखर म्हणजे आणखी निराळं काय असतं?"

विज्ञान पुढे सरकताना मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे भांडी फार जोरात आपटत होती.

"उद्या गप्प बस, झिना. तुझ्या विभागातल्या पोरी तरी कामावर राहतील."

"आणि तुला पदक मिळेल."

"मिळू दे की! आयुष्यात एकदा मिळालं तर तुझं काय जातं?"

यावर झिनाइदा प्लातोनोव्ना भांडण अर्धवट सोडून भांडी घासू लागल्या. आजवरच्या माझ्या निरीक्षणात हे पहिल्यांदाच घडत होते.

आयोगाचे अध्यक्ष पूर्वी मत्स्योद्योगात होते, त्यामुळे लहरींशी त्यांचा जुना संबंध. त्यांना शिखर दाखवण्याआधीच दिसले (अर्थात दुसऱ्याच जागी). एका सदस्याला दोन दिसली. तिसरे सदस्य चष्मा विसरून आले होते, त्यांना सर्वांत ठळक दिसले. अभिनंदनाचे शब्द सुरू झाले, आणि झिनाइदा प्लातोनोव्ना उभ्या राहिल्या.

"इथे शिखर नाही."

अध्यक्ष चपापले. "कुठलं नाही?"

"कुठलंच नाही. ही नुसती खरखर आहे."

अध्यक्षांनी अफानासी क्लिमोविच यांच्याकडे मोर्चा वळवला. "पत्नी दमलेल्या दिसतात. तुम्ही सांगा." पदकाची डबी टेबलावर उघडीच होती.

अफानासी क्लिमोविच उठले. त्यांनी आधी डबीकडे पाहिले, मग बायकोकडे. बायको खिडकीबाहेर पाहत होती.

"लग्न झाल्यापासून मी हिच्याशी भांडतोय," ते म्हणाले. "शिखर असतं ना, तर मी ते उचलून हिच्या डोक्यात घातलं असतं. पण नाहीये. ती बरोबर बोलतेय."

झिनाइदा प्लातोनोव्ना यांनी खिडकीवरची नजर काढली नाही, पण पदराशी चाळा करावा तसा त्यांचा हात गळ्याच्या रुमालाशी फार वेळ चालला होता. इतिवृत्तात मी लिहिले, 'दोन तांत्रिक स्वरूपाच्या सूचना आल्या.'

शिखर अधिकृत झाले. नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेवरही छापले गेले. जुळवणी विभाग वाचला, कारण शिखर असलेला विभाग बंद करता येत नाही. झिनाइदा प्लातोनोव्ना यांनाही ठेवून घेतले, कारण यंत्र दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हते. अफानासी क्लिमोविच यांची बदली मात्र अतिपूर्वेकडच्या तबकडीवर झाली, जिथून जपान जवळ आणि आम्ही लांब.

मे महिन्यात संचालक बटाटे लावायला गावच्या घरी गेले. त्याच आठवड्यात उपग्रह पृथ्वीजवळून जायचा होता. परवानगी मागण्यासाठी कोणी हजर नसल्याने परवानगी नाकारली गेली नाही. अफानासी क्लिमोविच यांनी तिकडे तबकडी वळवली, नोंदी इकडे आल्या, आणि मी सही घ्यायला गेलो तेव्हा झिनाइदा प्लातोनोव्ना पडद्यासमोर उभ्या होत्या. शिखर आले होते. सपाट माळावर चर्चचा मनोरा उभा असावा तसे. त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"अफोन्या, जुळलं."

पलीकडे आधी खुर्ची सरकली. मग, "कुणाचं घड्याळ चुकलेलं होतं?"

"कुणाचंच नाही."

"म्हणजे मीही बरोबर होतो?"

"होतास. मफलर घालतोस ना? तिकडे वारा असतो."

प्रशासकीय अडचण यानंतर सुरू झाली. नवे शिखर अधिकृत शिखराशेजारी छापले, तर अधिकृत शिखर गवतासारखे दिसे. संचालकांनी मातीच्या हातांनी बैठक घेतली आणि ठराव झाला : अधिकृत शिखर कायम ठेवावे, नवे शिखर 'अनावश्यक उंच' म्हणून राखून ठेवावे. झिनाइदा प्लातोनोव्ना यांनी ठराव शेवटपर्यंत ऐकला, खुंटीवरचा कोट काढला, आणि पूर्वेची गाडी पकडली. आता दोघे तिकडे एकाच खोलीत काम करतात, उपग्रहाला जवळून लांब, लांबून आणखी लांब असे पायरीपायरीने नेतात, आणि त्यांची शिखरे परदेशातले लोकही वापरतात. भांडणे जोमात आहेत असे ऐकतो. माझ्या भिंतीपलीकडे मात्र हल्ली काहीच ऐकू येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, खरे शिखर त्या बाईंचेच. सज्जन वाचक असेच म्हणतात. पण तुम्ही आलेख पाहिलात का? दोन्हींपैकी एक तरी? मी नुसता मनोरा म्हणालो, आणि तुम्हाला तो दिसलासुद्धा. आमच्या आयोगाला निदान कागद तरी समोर ठेवावा लागला होता. आयोगात सध्या एक जागा रिकामी आहे, आणि मी तुमची शिफारस करून ठेवली आहे.